गौतमीचा लेक, नहपानाची चांदी

नाशिकजवळच्या जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. साठा लहानसहान नव्हता. मोजदाद झाली तेव्हा आकडा सव्वातेरा हजारांच्या घरात गेला. नाणी सगळी एकाच राजाची, क्षहरात कुळातल्या नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली अक्षरे. इथवर नवलाचे काही नव्हते. नवल पुढे होते. यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर उमटला होता आणि पाठीमागे उज्जैनी चिन्ह. ठसा मारणाऱ्याचे नावही तिथेच होते. राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. नाणे दिसले की आधी त्याचे मोल पाहायचे आणि मग त्यावरचे चित्र, ही त्या नोकरीने लावलेली सवय. इतिहासाचे अभ्यासक या नाण्यांकडे लढाईच्या निकालपत्रासारखे पाहतात, आणि ते बरोबरच आहे. सातवाहनांनी शकांना हरवले याचा याहून रोकडा पुरावा दुसरा नाही. पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. शत्रूची इतकी चांदी हाती लागल्यावर या राजाने ती वितळवून का टाकली नाही? शत्रूचा चेहरा पुसून नवे कोरे नाणे का पाडले नाही? जुन्याच नाण्यावर ठसा मारून ते पुन्हा चलनात का सोडले? या प्रश्नाचा माग काढत गेले, की शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपणारा गौतमीपुत्र जरा निराळा दिसू लागतो. लढाई जिंकणारे पुष्कळ झाले. जिंकल्यानंतरच्या दिवसाची ज्याला काळजी होती, असा हा माणूस होता.

मी पालमचा. परभणी जिल्ह्यातला आमचा हा भाग गोदावरीच्या काठचा. इथे कुणी नदीला गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. शेजारचे गंगाखेड तर नावातच गंगा घेऊन बसले आहे. हीच गंगा वर पैठणहून येते, आणि पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. त्या काळी पैठणच्या आसपासच्या मुलखाला मूलक म्हणत आणि तिथून खाली नदीच्या अंगाने पसरलेल्या मुलखाला अश्मक. गौतमीपुत्राच्या राज्याची जी यादी दगडावर कोरलेली आहे तिच्यात ही दोन्ही नावे आहेत. तेव्हा हा राजा आम्हाला परका नाही. आमच्याच गंगेच्या पाण्यावर वाढलेला आहे.

त्याच्या आधी सातवाहनांच्या काही पिढ्या होऊन गेल्या होत्या. सिमुक हा मूळ पुरुष. पुढे पहिला सातकर्णी नावारूपाला आला. त्याची राणी नागनिका हिने नाणेघाटातल्या लेण्यात यज्ञांचा आणि दानांचा मोठा लेख कोरवला. नाणेघाट हे ठिकाण तिने उगाच निवडले नसावे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नरला येई आणि तिथून पैठणकडे जाई. घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची जकात. सह्याद्रीतले घाट म्हणजे या राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या होत्या.

आणि त्या तिजोरीत पैसा येत होता तो थेट रोमच्या साम्राज्यातून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब तीत दिला आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड, वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात असे. बदल्यात तिकडून इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि सोन्याचांदीची नाणी येत. रोमन नाणी इथल्या चलनात बदलून घेताना नफा होतो, हेही या चतुर व्यापाऱ्याने नमूद करून ठेवले आहे. परकीय चलनाचा विभाग तेव्हाही तेजीत होता म्हणायचे! याच शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने तक्रार केली, की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेरणेच्या काठची बाहुली आणि व्हेसूव्हियसच्या पायथ्याची बाहुली एकमेकींच्या बहिणी शोभतात. आपला मराठवाडा त्या काळी जगाच्या किती जवळ होता, हे सांगायला एवढी एक जोडी पुरेशी आहे.

जिथे पैसा वाहतो तिथे शेजाऱ्यांची नजर जाते. रोमलाही शेजाऱ्यांनी कमी छळले नव्हते. उत्तरेच्या जंगलात जर्मन टोळ्या होत्या. रोमच्याच फौजेत तयार झालेल्या आर्मिनियस नावाच्या तरुणाने त्या टोळ्यांना एकत्र केले, आणि इ. स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या रानात रोमच्या तीन पलटणी कापून काढल्या. पूर्वेला पार्थियन होते. इ. स. पूर्व ५३ मध्ये कॅऱ्हीच्या माळावर त्यांच्या घोडेस्वार तिरंदाजांनी क्रॅसस या सेनापतीसह सुमारे वीस हजार रोमनांना लोळवले. हे पार्थियन म्हणजेच आपल्या जुन्या लेखांतले पल्लव, ज्यांना पह्लव असेही म्हणतात. दक्षिणेतल्या पल्लव राजांशी त्यांचा घोटाळा करू नये. त्यांच्या बरोबरीने दुसरे नाव येते ते शकांचे. मध्य आशियाच्या गवताळ माळांवरचे हे घोडेस्वार लोक. सरकत सरकत इराणच्या पूर्वेला आले, तिथून सिंधमध्ये आणि सौराष्ट्रात उतरले. म्हणजे ज्या लोकांच्या हालचालींनी रोमची पूर्वसीमा अस्वस्थ होती, त्यांचेच भाऊबंद इकडे नर्मदा ओलांडून सह्याद्रीपर्यंत येऊन ठेपले होते.

नहपान हा असाच एक क्षत्रप. त्याने भडोच तर धरलेच, शिवाय नाशिक, जुन्नर आणि कार्ल्याचा मावळ भागही सातवाहनांकडून हिसकावला. घाट गेले आणि घाटांबरोबर जकातही गेली. पेरिप्लसमध्ये या संघर्षाची एक लहानशी खूण आहे. पूर्वी भरभराटीत असलेल्या कल्याण बंदराची तेव्हा कोंडी झाली होती, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात होती. तलवारीने मुलूख जिंकायचा आणि पहाऱ्याने व्यापार वळवायचा, ही रीत दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

पण नहपानाच्या माणसांना राक्षस ठरवून मोकळे होता येत नाही. त्याचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि त्याने केलेल्या दानांची यादी वाचताना आपण थक्क होतो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. तीन लाख गाई दान दिल्या, आठ हजार नारळाची झाडे दिली. नाशिकच्या लेण्यात त्याने भिक्षूंसाठी केलेली एक ठेव तर मी पुन:पुन्हा वाचतो. तीन हजार कार्षापणांची ही ठेव त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. आता हिशेब करा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस, आणि प्रत्येकाला चीवरासाठी द्यायचे कार्षापण बारा. वीस बारे दोनशे चाळीस. एक कवडीचाही फरक नाही! एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे खाते आजच्या कोणत्याही तपासनिसाने डोळे मिटून पास करावे.

अशा शत्रूशी गौतमीपुत्राची गाठ होती. श्रीमंत, हिशेबी आणि दानशूर. जैनांच्या आवश्यक निर्युक्तीच्या परंपरेत याची एक गमतीदार कथा आहे. भडोचचा नहवाहन खजिन्याने बळकट आणि पैठणचा सालवाहन सैन्याने बळकट. सालवाहन दरवर्षी भडोचला वेढा घाली. नहवाहन आपल्या सैनिकांना शत्रूच्या मुंडक्यांबद्दल भरघोस बक्षिसे देई, आणि पैठणची फौज हात हलवत परत येई. अखेर सालवाहनाचा एक मंत्री रुसून निघून आल्याचे सोंग करून भडोचला गेला, नहवाहनाच्या मर्जीत शिरला आणि त्याला पुण्यकर्माचा नाद लावला. देवळे, विहिरी, दानधर्म यांत खजिना रिकामा झाला. मग सालवाहन आला, आणि या वेळी बक्षीस द्यायला भडोचच्या राजाकडे काही उरले नव्हते. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण सैन्य पगारावर उभे असते हे लोकांनी बरोबर ओळखले होते.

इतिहास सांगतो तो असा. गौतमीपुत्राचा काळ अभ्यासक इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्याच्या पूर्वार्धापर्यंत मागेपुढे धरतात. त्याच्या आईचे नाव गौतमी बलश्री. सातवाहन राजे आपल्या नावाआधी आईचे नाव लावीत. आपल्याकडे खेड्यात आजही पोराची ओळख अमकीचा लेक म्हणून पटते, तशीच ही ओळख, फक्त राजमुद्रेवर कोरलेली. घराण्याचा मुलूख गेलेला, वैभव ओसरलेले, अशा दिवसांत हा मुलगा गादीवर आला. राज्याच्या अठराव्या वर्षी तो नाशिकच्या परिसरात विजयी फौजेच्या तळावर आहे, हे त्याच्याच हुकमावरून कळते. अठरा वर्षे! पोराच्या पाठीवर पोर वाढून मिसरूड फुटावे इतका काळ. दरम्यान क्षहरातांचे कूळ उखडले गेले होते.

लढाई कशी झाली, किती पडले, याची बखर त्याने कोरवली नाही. त्या तळावरून त्याने काढलेला हुकूम मात्र नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तिथल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत आजही आहे. हुकूम एका शेताबद्दल आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो, की काखडी गावातले जे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते दोनशे निवर्तनांचे शेत आता डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, कुणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, सरकारी माणसांनी तिथे ढवळाढवळ करू नये. कार्ल्याच्या लेण्यातही याच धर्तीचा लेख आहे. मावळातले करजक गाव, जे उषवदाताने भिक्षूंना दिले होते, ते नव्या राजवटीतही भिक्षूंकडेच राहिले.

पीककर्जाच्या निमित्ताने मी आयुष्यभर सातबारे पाहिले. सत्ता बदलली, की जमिनीच्या कागदावर काय होते याची धास्ती शेतकऱ्याला किती असते, ते मला ठाऊक आहे. रक्ताने माखलेली तलवार अजून पुसायची आहे, आणि राजा पहिला लेखी हुकूम काढतो तो शेताच्या मालकीचा आणि आपल्याच सैनिकांना त्या शेतापासून दूर ठेवण्याचा. जिंकलेल्या फौजेला बांधाबाहेर थांबवणे हे शत्रूला हरवण्याइतकेच अवघड असते.

आता त्या नाण्यांचा प्रश्न जरा सुटतो. आमच्या मराठवाड्याला चलनबदलाचा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी अमलातल्या रुपयाला कलदार म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. पण हाली सिक्का त्याच दिवशी रद्दबातल झाला नाही. सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि काही वर्षे दोन्ही चालत राहिले. म्हातारीच्या गाडग्यातला पैसा एका रात्रीत माती झाला नाही. उलट ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा मी नोकरीत होतो. दुसऱ्या आठवड्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. धोरण बरे की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ज्याच्या मुठीत नोट आहे त्याला सत्तेपेक्षा त्या नोटेची चिंता असते, एवढे त्या दिवसांनी शिकवले.

नहपानाची नाणी त्या काळच्या बाजारात घराघरांत पोचलेली असणार. विणकराच्या श्रेणीत, तेल्याच्या घाण्यावर, भिक्षूंच्या खात्यावर. गौतमीपुत्राने तीच चांदी राखली, तेच वजन राखले आणि वर आपले नाव उमटवले. राजा बदलला हे प्रत्येक हातात पोचले, आणि कुणाच्या हातातले मोल मात्र कमी झाले नाही. त्याच्या मनात नेमके हेच होते का, हे दगडावर लिहिलेले नाही. पण परिणाम हाच झाला असणार, असे मला बँकेच्या अनुभवावरून वाटते.

मग येते चोविसावे वर्ष. त्याच ओसरीत, आधीच्या लेखाखाली, दुसरा हुकूम आहे. या वेळी गोवर्धनचा अमात्य श्यामक आहे, आणि हुकूम एकट्या राजाचा नाही. राजाच्या बरोबरीने त्याची आई बोलते आहे. मजकूर असा, की पूर्वी काखडी गावात जे शेत आम्ही भिक्षूंना दिले, ते कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही उरलेली नाही. तेव्हा त्या जागी नगराच्या शिवेवरच्या आमच्या खाजगीतल्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. हुकूम पावसाळ्यातला आहे आणि दस्त पुरा झाला तो उन्हाळ्यात. कागद तेव्हाही आपल्या चालीनेच चालत!

हा लेख वाचला की मी अडखळतो. सहा वर्षांत एक गाव उठले होते. का उठले ते लेखात नाही. पण तो मुलूख दोन राज्यांच्या ओढाताणीत सापडलेला होता, आणि फौजांच्या वाटेवरच्या गावांचे काय होते हे सांगायला शिलालेख लागत नाही. उजाड गाव म्हणजे काय, हे आम्हाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात, तेव्हा दारांना कुलपे लागतात आणि ओसरीवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. ती बिऱ्हाडे उन्हाळ्यात परततात तरी. काखडीची परतली की नाही, कोण जाणे. विजयी राजाच्या स्वतःच्या लेखात, आम्ही दिलेले शेत पडीक पडले आणि गाव ओस झाले, ही कबुली यावी, हे मला त्याच्या सगळ्या बिरुदांपेक्षा मोठे वाटते. दान दिले, दगडावर नाव कोरले, इथे तो थांबला नाही. दिलेले पिकते आहे का, हे त्याने पाहिले, आणि पिकत नाही असे कळल्यावर घरच्या जमिनीतून भरपाई केली. दोनशेच्या जागी शंभर, पण शहरालगतची.

याच लेखात आईसाठी एक विशेषण आहे: जीवसुता. जिचा मुलगा हयात आहे ती. हयात मुलाच्या आईला हे वेगळे सांगावेसे का वाटावे? राजा तेव्हा आजारी असावा आणि आई कारभार पाहत असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क खरा असो नसो, त्या एका शब्दात आईचा जीव टांगलेला दिसतो.

पुढचा लेख वाचताना तो शब्द नाही, हे लगेच जाणवते. गौतमीपुत्र गेला आहे. गादीवर त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहे आणि त्याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष चालू आहे. म्हातारी बलश्री त्याच डोंगरावर एक लेणे दान करते. याच डोंगरावर उषवदाताचेही लेणे आहे, आणि बलश्रीच्या लेण्याची घडण थेट त्याच्याशी स्पर्धा करणारी आहे. ओसरीच्या भिंतीवर तिने आपल्या मुलाचे वर्णन कोरवले. गौतमीपुत्राबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बहुतेक या एका आईने सांगितलेले आहे.

ती सांगते, की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, अवंती अशी मुलखांची नावे घेते. विंध्य, सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांचा तो स्वामी. शक, यवन, पल्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश उखडला, सातवाहनांचे यश पुन्हा उभे केले. चार वर्णांचा संकर थांबवला, असेही ती अभिमानाने सांगते. आज ते वाक्य आपल्याला खटकते, आणि खटकावेच. पण त्याच दमात ती सांगते, की धर्माला सोडून त्याने कर कधी घेतला नाही, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, आणि आईची सेवा त्याने मनापासून केली. प्रशस्तिकाराने रणांगणाच्या वर्णनात आईच्या सेवेला जागा दिली, ती कुणाच्या सांगण्यावरून, हे ओळखायला पंडित नको.

यवनांचा नाश झाला असे बलश्री म्हणते खरे, पण त्याच नाशिकच्या डोंगरावर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने लेणे दान केलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. रणांगणावरचे शत्रू आणि लेण्यातले दाते एकाच जातीचे होते. लढाई राजांची होती. विणकर, व्यापारी आणि भिक्षू एकमेकांशी देवघेव करीतच राहिले.

साधारण याच सुमाराच्या रोमकडे पाहिले, तर तिथे ट्रेजन बादशहा आहे. शेजारच्या डेसियन लोकांशी तो दोनदा लढला, १०१-१०२ मध्ये आणि पुन्हा १०५-१०६ मध्ये. त्या विजयाचा स्तंभ रोममध्ये इ. स. ११३ मध्ये उभा राहिला. खालपासून वरपर्यंत गुंडाळत जाणाऱ्या शिल्पपट्टीत सारी मोहीम कोरलेली आहे, जळणारी खेडी आणि बंदी केलेले लोक यांसह. पुढे ११६ मध्ये ट्रेजन इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथून हिंदुस्थानकडे निघालेले जहाज पाहून, वय असते तर आपणही गेलो असतो, अशी हळहळ त्याने व्यक्त केल्याचे रोमन इतिहासकार सांगतो. रोमने आपला विजय गगनाला भिडवला. आमच्याकडचा विजय ओसरीच्या भिंतीवर आहे, एका शेताच्या दस्तापासून थोड्याच अंतरावर.

आणि तो विजय तरी किती टिकला? इ. स. १५० मध्ये शक महाक्षत्रप रुद्रदामा याने जुनागढच्या खडकावर लेख कोरवला. दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवले, पण जवळचे नाते असल्यामुळे नष्ट केले नाही, असे तो सांगतो. सुराष्ट्र, अपरान्त, अवंती, बलश्रीने अभिमानाने मोजलेली यातली कित्येक नावे आता रुद्रदाम्याच्या यादीत आहेत. आणि ते नाते? कान्हेरीच्या एका लेखावरून कळते, की एका सातवाहन राजाची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती. ज्या शकांचा नाश केला म्हणून आजीने दगड कोरवला, त्यांच्याच घरची सून सातवाहनांच्या घरी आली. पुढच्या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर आपला मुखवटाही छापून घेतला, अगदी नहपानासारखा.

गंमत आपल्या दारापर्यंत येते. पाडव्याला आपण पंचांग उघडतो आणि शालिवाहन शके वाचतो. पैठणच्या कुंभारवाड्यात वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून शत्रूला पळवले, ही गोष्ट आजीने प्रत्येकाला सांगितलेली असते. इ. स. ७८ पासूनची ही कालगणना शक क्षत्रपांनी वापरली, म्हणून ती शकांची. शालिवाहनाचे नाव तिला पुष्कळ शतकांनी जोडले गेले. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही आपल्या भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर सुखाने नांदत आहेत. जोगलटेंभीच्या नाण्यावर नांदतात तसेच.

मुलूख पुन्हा गेला, सीमा पुन्हा सरकल्या. तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या घोड्यांचा माग कुठे उरला नाही. उरले ते एवढेच: मोल न गमावलेली चांदी, मुलाच्या माघारी आईने कोरवलेले चार शब्द, आणि गाव ओस पडल्याचे कळल्यावर बदली जमीन देण्याचा एक हुकूम. पराक्रमाच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. पण नाशिकला पांडवलेणी पाहायला गेलात, तर तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत त्यांना हा शेताचा दस्तही दाखवा. एवढा मोठा राजा एका पडीक शेताची चौकशी करीत होता, हे त्यांना कळू द्या.